गप्प पोरांच्या वतीने

ह्या वेळचं संपादकीय मोर्चावर नाही. निवडणुकीवर नाही. कुठल्या गटाच्या फाटाफुटीवरही नाही; त्यावर लिहून लिहून शाई संपली, गट काही संपले नाहीत. ह्या वेळी एका चौदा वर्षांच्या पोरावर लिहितो. ते पोर बोलत नाही. बोलत नाही म्हणून त्याची बातमी होत नाही, तक्रार होत नाही, ठराव होत नाही. म्हणून इथं लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. गाव लोणी भापकर, तालुका बारामती. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऊस येतो, साखर कारखाने येतात, पाटाचं पाणी येतं. ते चित्र नीरा डाव्या कालव्याखालचं. आमची लोणी, मोरगाव, सुपे हा सगळा जिरायत पट्टा. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर टँकरची वाट. गावात मल्लिकार्जुनाचं यादवकाळातलं दगडी देऊळ आहे, पुष्करणी आहे, अंगभर कोरीव काम केलेला दगडाचा वराह आहे. बाहेरची माणसं येऊन फोटो काढून जातात. आमची पोरं त्या पायऱ्यांवर बसून मोठी होतात.

पिशवी खाली ठेवायच्या आत चुलतीनं दारातच गाठलं.

"आलास का बाबा? बरं झालं. ह्येला आता तुझ्यासंगं ममईला घिऊन जा. शाळंत जायाचं न्हाई म्हनतोय. नववीत जायाचं तर घोडं अडलंय. गोदीत लाव कुठंतरी."

'ह्यो' म्हणजे माझा चुलतभाऊ. नाव छापत नाही. तो पुष्करणीच्या पायरीवर वहीत काहीतरी गिरवत बसला होता. जवळ जाऊन बसलो.

"का रं? मास्तर मारत्यात?"

"न्हाई."

"पोरं जातीवरून बोलत्यात?"

"समद्याच न्हाईत."

"मग?"

बराच वेळ गेला. मी बिडी पेटवली, संपवली. मग तो वहीकडं बघतच म्हणाला, "लई मानसं हायती तिथं, दादा. मी गेलो काय न् न्हाई गेलो काय, कुनाचं कायबी अडत न्हाई."

दोस्तहो, हे वाक्य मी मुंबईपर्यंत डोक्यावर वाहून आणलं. पन्नास किलोच्या गोणीपेक्षा जड होतं.

हे पोर ढ नाही. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना त्याच्या वर्गात एकोणीस पोरं. घंटा ह्यानं द्यायची. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा ह्यानं रंगवलेला. पंधरा ऑगस्टला फळा सजवायचा तो ह्यानंच. तेव्हाही तो बोलत नव्हता. बाई म्हणायच्या, "तो तोंडानं बोलत नाही, खडूनं बोलतो." मग आठवीला तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या शाळेत घातला. मोठी म्हणजे किती मोठी? दोन हजारांवर पोरं. तिथं नकाशे छापील आहेत. घंटा विजेची आहे. फळा सजवायला कलाशिक्षक आहेत. ह्याच्या हाताला काम उरलं नाही, आणि तोंडाला तर कधी नव्हतंच.

मीही ह्याच रस्त्यानं गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण एका शाळेला शिव्या घालून भागणारं हे दुखणं नाही. आठवीच्या सात तुकड्या, 'अ' पासून 'ग' पर्यंत. एकेकीत सत्तर-पंचाहत्तर पोरं कोंबलेली. प्रार्थनेला मैदानात उभं राहिलं की शेवटच्या रांगेतून हेडमास्तर अंगठ्याएवढे दिसायचे. मी 'फ' तुकडीत, हजेरी क्रमांक अठ्ठावन्न. "अठ्ठावन्न!" "हजर सर." कित्येक दिवस माझं शाळेतलं सगळं बोलणं एवढंच. तीन वर्षांत मला नावानं हाक मारणारे मास्तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि बोटं उरतील.

पण खोटं लिहायचं नाही. पहिले दोन महिने मला त्या गर्दीत बरं वाटलं होतं. गावात पोर रस्त्यानं चाललं की कुणाचं, कुठल्या वस्तीचं, बाप काय करतो, सगळं गावाला ठाऊक. शाळा लहान असली म्हणून ती मायाळू असतेच असं नाही. लहान शाळेत पाण्याचा माठ लांब नसतो, पण नजर जवळ असते. इथं दोन हजारांत मला कोण ओळखणार? गर्दीची चांगली उबदार वाकळ अंगावर घेतली होती मी.

मग एके दिवशी शिष्यवृत्तीचे फॉर्म आले. ऑफिसातला माणूस दारातून ओरडला, "मागासवर्गीयांनी उभं राहा." पाऊणशे पोरांत आम्ही अकरा उभे राहिलो. वाकळ गेली. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. त्याला दुपारपर्यंत वीस-पंचवीस वर्ग उरकायचे होते. मोठ्या कारखान्यात माल वेगळा करतात तसा त्यानं आम्हाला वेगळं केलं, खुणा केल्या, निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारचा पोरगा मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊ लागला. तो काही बोलला नाही. मी काही बोललो नाही.

इथं मुद्दा सुरू होतो. त्या दिवशी माझ्यापाशी दोन गप्पपणं झाली. एक माझं स्वतःचं. मी जन्माचा घुम्या. आई सांगते, मी रांगतानाही आवाज करायचो नाही. चार माणसांत बसलो की मला थकवा येतो, एकटा बसलो की कविता येते. हा रोग नव्हे. कार्ल युंग नावाच्या स्वित्झर्लंडच्या डॉक्टरानं १९२१ साली माणसांच्या स्वभावांवर मोठा ग्रंथ लिहिला. काहींचं बळ बाहेरच्या जगाकडं धावतं, काहींचं आत वळतं, असं त्यानं मांडलं. तेव्हापासून अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द जगभर चालू झाले. आत वळणारा माणूस कमी माणूस नसतो.

दुसरं गप्पपण माझ्यावर लादलेलं. उभं केलं म्हणून आलेलं. डबा उचलून नेला म्हणून आलेलं. पहिलं माझं घर होतं, दुसरं कोंडवाडा. पण शाळेच्या प्रगतिपुस्तकात दोन्हीला मिळून एकच शेरा: 'अबोल आहे. वर्गात सहभाग नाही.' शेरा माझ्या नावापुढं पडला. वर्गाच्या नावापुढं कुणी शेरा मारला नाही. वर्गानं मला किती सहभागी करून घेतलं ह्याचा रकानाच त्या पुस्तकात नव्हता.

डब्यावरून आठवलं. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात शिकले. सरकारी शाळा, नावाजलेली. एकदा मास्तरांनी गणित सोडवायला त्यांना फळ्याकडं बोलावलं आणि वर्गात गिल्ला झाला. का, तर फळ्याच्या मागं पोरांनी आपले डबे ठेवले होते. ते बाटतील! पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले, मग भीमरावाच्या हाती खडू आला. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, जयंतीला सांगितलीय. पण ती गोष्ट ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न येतो. त्या दिवशी संध्याकाळी तो पोरगा कुठं गेला असेल?

त्याचंही उत्तर चरित्रात आहे. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन एकटा वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर यायचे. ते विल्सन हायस्कूलात शिक्षक, म्हणजे त्या पोराच्या शाळेचेही नव्हेत. रोज एकटा वाचत बसणारा पोरगा त्यांनी हेरला, चौकशी केली, ओळख वाढवली, वाचायला पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत ह्याच केळुस्करांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं सयाजीराव महाराजांच्या मदतीसाठी खटपट केली तीही त्यांनीच.

विचार करा. शाळेला जो दिसला नाही, तो बागेतल्या एका माणसाला दिसला. केळुस्करांनी त्या पोराला 'असा गप्प का बसतोस, चारचौघांत मिसळ' असा उपदेश करून सोडून दिलं नाही. तो जे करत होता तेच त्याला जास्त करायला दिलं. आणि १९२० साली ३१ जानेवारीला त्याच पोरानं पाक्षिक काढलं, नाव ठेवलं 'मूकनायक'. मुक्यांचा नायक होण्याआधी तो बाकड्यावर बसून वाचणारा एकटा पोरगा होता, हे आपण पुतळ्याला हार घालताना विसरतो.

माझ्या वाट्याला केळुस्कर आले नाहीत. माझ्या वाट्याला शाळेचा शिपाई आला. वाचनालय म्हणजे एका अंधाऱ्या खोलीत चार कपाटं, चारींना कुलपं. मधल्या सुट्टीत मी त्या खोलीच्या पायरीवर बसायचो, कारण तिथं कुणी यायचं नाही. शिपाईमामांनी आठ-दहा दिवस बघितलं. मग काही न बोलता कुलूप काढलं, एक स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "घंटा झाली की पुस्तक जाग्यावर." तीन वर्षं एवढाच करार. मी मॅट्रिक झालो तो त्या स्टुलावर. मोठ्या शाळेला मी फुकाच्या शिव्या घालत नाही. चार कपाटं पुस्तकं गावच्या शाळेत नव्हती. पण किल्ली शाळेच्या नियमात नव्हती, एका माणसाच्या काळजात होती. तो माणूस त्या वर्षी बदलून गेला असता तर?

आता मी मुंबई बंदरात ठेकेदाराच्या माणसांत काम करतो. गोदीचे गोडवे गात नाही. मजुरी वेळेवर नाही, पाठीचा मणका आपला, इजा झाली तर दवाखाना आपला. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जहाजाच्या पोटात माल बांधताना एवढा आवाज असतो की ओरडून उपयोग नाही. वर तोंडाशी एक माणूस उभा असतो. खाली आम्ही, पलीकडं क्रेनवाला. हा मधला माणूस हाताच्या खुणेनं सांगतो: उचल, थांब, हळू, सोड. आमच्या टोळीतला हा माणूस अख्ख्या पाळीत चार शब्द बोलत नाही. तोंडात मिठाची गुळणी. पण त्याच्या बोटांवर खाली दहा जणांचे जीव. तो आला नाही तर काम उभं राहतं. मुकादम त्याला 'सहभाग नाही' असा शेरा देत नाही. सकाळी सगळ्यांत आधी विचारतो, तो आला का?

दहा-बारांच्या टोळीत प्रत्येक माणूस लागतो. दोन हजारांच्या शाळेत कोण लागतो?

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. आमच्या अभ्यासमंडळात एका दोस्तानं अमेरिकेतल्या एका पाहणीची माहिती आणली. कॅन्सस राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गम्प ह्या दोघांनी लहान-मोठ्या हायस्कुलांचा अभ्यास केला आणि १९६४ साली पुस्तक छापलं. काही शाळांत पन्नासाच्या आत पोरं, मोठीत दोन हजारांवर. त्यांना काय दिसलं? मोठ्या शाळेत खेळ जास्त, मंडळं जास्त, कार्यक्रम जास्त. पण एकेका पोराच्या वाट्याला करण्याचं काम कमी. लहान शाळेत पोरं जबाबदारीच्या जागी जास्त वेळा उभी राहिली, कारण माणसं कमी होती आणि कामं तेवढीच होती. त्यातली सगळ्यांत टोचणारी गोष्ट ही: लहान शाळेतल्या कच्च्या, कोपऱ्यातल्या पोरालाही वाटत होतं की आपण गेलं पाहिजे, नाहीतर अडेल. मोठ्या शाळेतल्या तशाच पोराला तसं वाटत नव्हतं. तो बाहेरचाच राहिला.

कॅन्ससमधली ती पोरं. त्यांना वस्ती नव्हती, फॉर्मसाठी उभं राहणं नव्हतं. तरी गर्दीनं त्यांना बाहेर ठेवलं. मग आमच्या लोणीच्या पोरावर तर दोन ओझी. आणि तो बिचारा हे पुस्तक न वाचताच पायरीवर बसून तेच बोलला: कुनाचं कायबी अडत न्हाई.

शाळेचं गॅदरिंग आठवा. शंभर पोरांच्या शाळेत नाटक बसवलं तर घुम्यालाही पडदा ओढायला उभं करतात, भाला धरायला उभं करतात. पडदा ओढता ओढता त्याला कळतं की नाटक आपलंही आहे. दोन हजारांच्या शाळेत वीस पोरं नाचतात, तीच वीस दरवर्षी नाचतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. लहानपणापासून टाळ्या वाजवायची सवय लागलेला समाज पुढं पुढाऱ्यापुढं टाळ्याच वाजवतो. नवल काय?

आता सरकारकडं वळू. २०२३ साली महाराष्ट्र शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचं मनावर घेतलं. आपल्याच जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ हे नमुने म्हणून पुढं केले. वीसच्या आतल्या अशा शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर. त्यांचं म्हणणं, लहान शाळेत पोरं एकलकोंडी होतात, खेळायला सोबती नाही, प्रयोगशाळा नाही, एकाच मास्तराला सगळे वर्ग. ह्यात खोटं सगळंच नाही. एका मास्तरानं चार वर्ग हाकावेत हे काय सुख आहे? पण मग त्या शाळेला दुसरा मास्तर द्या! शाळा उचलून पोर बसमध्ये घालायचं आणि त्याला 'विकास' म्हणायचं, हे आम्हाला पटत नाही. आणि ज्या वस्तीवरची शाळा आधी उठेल ती वस्ती कुणाची असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. वाडी, तांडा, पाडा, भटक्यांचं पाल. शाळा गोळा करताना पोरं मोजतात, बस मोजतात, खोल्या मोजतात. त्या गोळाबेरजेत गप्प पोराचं काय होतं हे मोजायचा रकाना इथंही नाही.

मी त्याला घेऊन त्याच्या मोठ्या शाळेतही जाऊन आलो. वर्गशिक्षक सज्जन माणूस. खुर्ची दिली. पोर शेजारी उभं, आणि सर हजेरीपट चाळत विचारतात, "नाव काय म्हणालात?" वर्षभर त्यांच्यापुढं बसलेलं पोर! मग नाव सापडलं. सर खूश होऊन म्हणाले, "छान आहे की, हजेरी पूर्ण आहे. काही त्रास नाही ह्याचा." त्रास नाही. हेच त्याचं प्रमाणपत्र, हाच त्याचा गुन्हा. मास्तरांचा राग येऊन उपयोग नाही. सहा तुकड्या, एकेकीत सत्तर, चारशेवर तोंडं. वर निवडणुकीची कामं, माहित्या भरणं, ऑनलाइन हजेऱ्या. सहावी ते आठवीला पस्तीस पोरांमागं एक शिक्षक हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कायदा आठवीला संपतो. नववीच्या उंबऱ्यावर, जिथं पोर सगळ्यांत जास्त अडखळतं, तिथं तो हात सोडतो.

अजून एक हिशेब. दहावीला भाषेच्या पेपरात ८० गुण लेखी आणि २० तोंडीचे, शाळेच्या हातात. २०१९ च्या मार्च परीक्षेत हे तोंडी गुण काढून टाकले, तर राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. ओरड झाली, पुढल्या वर्षी गुण परत आले. आमच्या गरीब पोरांना त्या वीस गुणांचा आधार आहे, ते काढा असं मी म्हणत नाही. पण तोंडी परीक्षा घेतात कशी? भरल्या वर्गात उभं करून. जे पोर भरल्या वर्गात एकदा वेगळ्याच कारणासाठी उभं राहिलंय, त्याच्या तोंडातून शब्द कसा फुटावा? मला पाठ होतं सगळं. उभा राहिलो आणि जीभ टाळ्याला चिकटली. सर म्हणाले, "मूग गिळलेस काय?" वर्ग हसला. वीसपैकी अकरा. मूग नव्हते गिळले, सर. फॉर्म गिळला होता.

इथवर शाळेचं झालं. आता आपल्याकडं बघू, दोस्तहो. आरसा दुसऱ्यालाच दाखवायचा आणि आपण मागं उभं राहायचं, हे आपलं काम नव्हे.

आपल्या चळवळीत काय चालतं? ज्याचा आवाज मोठा तो कार्यकर्ता. ज्याला माईक पकडता येतो तो नेता. जो सतरंज्या घालतो, रात्री पोस्टर चिकटवतो, अंकाचे पत्ते लिहितो, पोलीस ठाण्यात पोरांचे डबे पोचवतो, तो 'चांगला पोरगा आहे, पण बोलत नाही'. शेरा तोच! मास्तरचा शेरा आपण उचलून आपल्या वहीत लिहिला. अभ्यासवर्गात चार जण तीन तास भांडतात, दहा जण भिंतीला टेकून ऐकतात, आणि आपण म्हणतो चर्चा झाली. पोरी तर अजून मागं. त्यांना घरात गप्प बसवलं, शाळेत गप्प बसवलं, इथं आल्या तर चहाचे कप त्यांच्या पुढ्यात. मूकनायकाचं नाव घेणारे आपण मुक्यांना शेवटच्या रांगेत ठेवतो. मी स्वतः दोन वर्षं एका मंडळात जात होतो. माझी कविता तिथल्या कुणी वाचली नाही, कारण ती वाचा असं मी म्हटलं नाही.

हे बदलायचं तर नुसतं हळहळून चालणार नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत, पैसा लागणाऱ्या थोड्या, लाज लागणाऱ्या जास्त:

१. शिष्यवृत्ती, सवलत, जातीचा दाखला ह्यासाठी कुठल्याही पोराला वर्गात उभं करायचं नाही. फॉर्म ऑफिसातून, बंद पाकिटातून, एकेकाच्या हाती.

२. वाचनालयाची किल्ली कुणाच्या मेहरबानीवर नको. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर गावाची एसटी येईपर्यंत खोली उघडी पाहिजे. ज्याला गोंगाट सोसत नाही त्याला टेकायला एक जागा पाहिजे.

३. मोठ्या शाळेत प्रत्येक शिक्षकानं वीस-पंचवीस पोरं नावानिशी वाटून घ्यावीत आणि तीन वर्षं तीच ठेवावीत. हजेरी क्रमांक पटावर राहू दे, हाक नावानं मारा.

४. प्रत्येक पोराच्या हाती एक काम द्या. घंटा, झाड, फळा, नकाशा, प्रयोगाची मांडणी, काहीही. तो आला नाही तर अडलं पाहिजे.

५. तोंडी परीक्षा एकेकाला बाजूला बसवून घ्या.

६. वस्तीवरची लहान शाळा उठवायच्या आधी त्या वस्तीची सभा घ्या, आणि त्या सभेत पोरांनाही विचारा.

७. ही मागणी आपल्याकडं. ह्यापुढं आपल्या प्रत्येक बैठकीत सगळ्यांत आधी भिंतीला टेकलेल्याला विचारायचं. तो नाही बोलला तर हसायचं नाही, कागद पुढं करायचा.

काही दोस्त म्हणतील, हे काय बायकी दुखणं काढलंस? शोषणाच्या मोठ्या प्रश्नांपुढं एका घुम्या पोराचं काय? तर ऐका. शाळा सुटलेलं पोर कुठं जातं ते मला रोज दिसतं. माझ्या शेजारी गोणी उचलतं. आणि आता तेही काम उरलेलं नाही. १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झालं, माल कंटेनरात गेला, शंभर माणसांचं काम एक यंत्र उचलतं. चुलती म्हणते गोदीत लाव. कुठल्या गोदीत लावू? मोठ्या शाळेतून गळलेल्या पोरासाठी मोठ्या शहरात जागा धरून कुणी बसलेलं नाही. ते पोर आज 'गप्प' म्हणून गळतं, उद्या 'नापास' म्हणून मोजतात, परवा 'ह्यांना शिकायचंच नसतं' म्हणून सगळ्या वस्तीच्या तोंडावर फेकतात. तेव्हा हा मोठाच प्रश्न आहे. तो हळू आवाजात बोलतो एवढंच.

पोराला मी मुंबईला आणलं नाही. रात्री पुष्करणीवर बसून त्याच्याशी करार केला. दोन्हीकडून मिळून वीस-एक शब्द झाले असतील. तू शाळेत जायचं. मी तुला दर महिन्याला कागद आणि रंग पाठवायचे. तू मला दर महिन्याला एक चित्र पाठवायचं. बोलायची सक्ती नाही. चित्र आलं नाही तर इथं माझ्या अंकाचं पान कोरं राहील, म्हणजे अडेल.

जूनपासून तो परत जातोय. किती दिवस टिकेल, शपथ घेऊन सांगत नाही. पण तीन चित्रं आली आहेत. ह्या अंकाच्या आतल्या पानावर दगडी वराहाचं रेखाटन छापलंय, खाली नाव नाही. ते त्याचं. वराहाच्या अंगावरच्या नक्षीत त्यानं एक गोष्ट जास्तीची घातलीय. बारीक बघा, पोटापाशी एक पोरगा वही घेऊन बसलाय.

हा अंक ज्याच्या हातात पडेल त्या शेवटच्या बाकावरच्या पोराला, पोरीला सांगायचंय: तुम्ही बोलायला शिका असं आम्ही म्हणत नाही. जमेल तेव्हा बोला. पण लिहा. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांगा-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदया'नं छापला, आणि तो आजही वाचला जातो. तो शाळकरी पोरीचा कागद होता. मोठा आवाज लागला नाही. छापणारा एक लागला.

छापायला आम्ही आहोत. पोस्टकार्ड पाठवा, वहीचं पान फाडून पाठवा, चित्र पाठवा. नाव नको असेल तर नाव छापणार नाही. शुद्धलेखन आम्हालाही येत नाही, लाजू नका. पुढच्या अंकाची आठ पानं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत. ती भरली नाहीत तर कोरीच छापू.

तुम्ही आला नाहीत तर आमचं अडतंय.

जयभीम.